नाव ठेवणं, नावं ठेवणं

शाळेच्या मधल्या सुट्टीत एक वाक्य हमखास कानावर यायचं : 'याला ठाण्याला पाठवा रे!' मुलूख बदलला की गाव बदलतं. पुण्याकडे येरवडा, कोकणात रत्नागिरी. ही मनोरुग्णालयांची गावं. तिथं पिढ्यान् पिढ्या माणसं राहिली, बरी झाली, काही विसरली गेली. बोलीभाषेनं मात्र त्या गावांचा टोमणा केला. मीही तो टोमणा मारलेला आहे. ज्याला मारला तो हसला होता. पण वर्गात एखाद्याच्या घरचं माणूस खरोखरच तिथं असेल, तर ते पोर त्या क्षणी कुठं बघत बसलं असेल, हे मनात यायला पुढं बरीच वर्षं जावी लागली.

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. नाव ठेवायचं बारशाला, चारचौघांत, पाळण्याशी. नावं ठेवायची पाठीमागे. मनाच्या आजारांच्या बाबतीत ही दोन कामं कायम एकमेकांत मिसळत आली. डॉक्टर आजाराला नाव ठेवतात आणि गाव त्याच नावानं माणसाला नावं ठेवतं. या गुंत्यावर जगभर काम कोण करतं, याचा शोध घेताना मी जागतिक मानसोपचार संघटनेच्या, म्हणजे वर्ल्ड सायकिॲट्रिक असोसिएशनच्या, विशेष विभागांपाशी पोचलो. ही गोष्ट त्या विभागांची आणि त्यांनी हाताळलेल्या नावांची.

एक छत्र, साठांवर खोल्या

संघटनेची मुळं 1950 सालच्या पॅरिसमध्ये आहेत. महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती. फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञ जाँ दले यांच्या अध्यक्षतेखाली आणि त्यांचेच सहव्यावसायिक आंरी ए यांच्या पुढाकारानं मानसोपचाराची पहिली जागतिक परिषद तिथं भरली. परिषदेच्या निमित्तानं शहरातल्या सेंट-ॲन रुग्णालयात एक प्रदर्शन मांडलं होतं. अनेक देशांतल्या मनोरुग्णांनी काढलेली चित्रं भिंतींवर लावलेली होती, त्यात दूरच्या ब्राझीलमधल्या रुग्णालयांतलीही होती. ज्यांच्याविषयी परिषदेत बोललं जाणार होतं, ती माणसं निदान रंगरेषांच्या वाटेनं तरी त्या शहरात हजर राहिली. मनाचे आजार आणि कलेतली अभिव्यक्ती यांचा अभ्यास करणारे गट पुढं उभे राहिले, त्यामागे या प्रदर्शनाची प्रेरणा होती.

संघटनेची रीतसर स्थापना 1961मध्ये माँट्रियलच्या परिषदेत झाली. आज सुमारे 120 देशांतल्या 140हून अधिक राष्ट्रीय संस्था तिच्या सभासद आहेत आणि त्यांच्यामार्फत अडीच लाखांवर मानसोपचारतज्ज्ञ तिच्याशी जोडलेले आहेत. आपली इंडियन सायकिॲट्रिक सोसायटी त्यांपैकीच एक.

एवढ्या मोठ्या छत्राखाली रोजचं काम होतं ते विशेष विभागांत. त्यांची संख्या साठांहून अधिक आहे. वृद्धांचं मानसिक आरोग्य, बाळंतपणाच्या काळातले आजार, आत्महत्या-प्रतिबंध, व्यसनं, ग्रामीण सेवा, आपत्ती, कायदा, स्त्रियांचं मानसिक आरोग्य, धर्म आणि अध्यात्म, आजारांचं वर्गीकरण, संस्कृती, कलंक असा एकेक विषय एकेका विभागाकडे. ही मंडळी आपापल्या देशातली नोकरी सांभाळून हे काम बिनपगारी करतात. माहिती गोळा करणं, परिसंवाद घेणं, प्रशिक्षणाचा मजकूर तयार करणं आणि एखाद्या प्रश्नावर संघटनेनं काय भूमिका घ्यावी याचा मसुदा लिहिणं हे त्यांचं काम. मोठ्या परिषदेत टाळ्या पडतात त्या ठरावाला. त्या ठरावातलं एकेक वाक्य अशाच एखाद्या छोट्या गटानं वर्ष-दोन वर्षं घासून काढलेलं असतं.

यादी कुणी करायची?

नाव ठेवण्याचं काम थेट ज्याच्याकडे येतं, तो वर्गीकरणाचा विभाग. आजारांची अधिकृत आंतरराष्ट्रीय यादी, म्हणजे आयसीडी, जागतिक आरोग्य संघटना करते. त्या यादीतल्या मनोविकारांच्या प्रकरणावर मानसोपचाराच्या जागतिक संघटनेची मंडळी वर्षानुवर्षं खपत आली आहेत.

अशी यादी कशाला लागते, याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात मिळतं. 1960च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेनं स्किझोफ्रेनियाचा नऊ केंद्रांवर एकाच पद्धतीनं अभ्यास सुरू केला. लंडन, वॉशिंग्टन, मॉस्को, प्राग, आऱ्हुस, इबादान, काली, तैपेई आणि आपलं आग्रा. त्यात दिसलं की वॉशिंग्टन आणि मॉस्को इथले डॉक्टर बाकीच्यांपेक्षा कितीतरी सैल हातानं 'स्किझोफ्रेनिया' हे नाव देत होते. तोच माणूस लंडनला गेला असता, तर कदाचित दुसरंच नाव घेऊन परतला असता. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट जगाला चकित करून गेली : आग्रा आणि इबादान यांसारख्या ठिकाणच्या रुग्णांची पुढची वाटचाल श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा सरस निघाली. त्याची कारणं काय, यावर आजही वाद चालतो.

यादीची अकरावी आवृत्ती, आयसीडी-11, तयार होत असताना दोन्ही संघटनांनी मिळून 44 देशांतल्या जवळपास 5000 मानसोपचारतज्ज्ञांची मतं विचारली. हे सर्वेक्षण 2011मध्ये प्रसिद्ध झालं. यादी आटोपशीर हवी, शंभराच्या आत नावं पुरेत, असं दोन-तृतीयांशांहून अधिक डॉक्टरांनी सांगितलं. काटेकोर निकषांपेक्षा डॉक्टरच्या विवेकाला जागा ठेवणारं मार्गदर्शन बहुतेकांना हवं होतं. ही आवृत्ती 2019मध्ये जागतिक आरोग्य सभेनं स्वीकारली आणि 1 जानेवारी 2022पासून ती लागू झाली.

मला त्याहून मोलाची वाटते ती या वाटेवरची आणखी एक पायरी. आयसीडी-11च्या मसुद्यातली काही वर्णनं ब्रिटन, भारत आणि अमेरिका इथल्या दीडशेहून अधिक लोकांपुढे ठेवण्यात आली. हे लोक डॉक्टर नव्हते, त्या आजारांतून जाणारे होते. त्यांचं म्हणणं साधं होतं : तुम्ही बाहेरून काय दिसतं ते लिहिलंत, आत काय होतं ते राहिलं. 'विचित्र', 'विस्कळीत' यांसारखे शब्द त्यांना बोचले. ज्याचं नाव ठेवायचं, त्यालाच विचारायचं ही रीत इतक्या उशिरा सुरू झाली, याचं वाईट वाटतं. पण झाली.

धात, पांढरं आणि अंगात येणं

दुसरा विभाग संस्कृतीचा. मनाचा आजार सगळीकडे एकाच तोंडानं बोलतो का, हा त्याचा प्रश्न. 1904मध्ये जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन हाच प्रश्न घेऊन जावा बेटावर गेले होते. पुढं माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या एरिक विटकोवर आणि एच. बी. एम. मर्फी यांनी या अभ्यासाची नीट घडी बसवली. नायजेरियातल्या अबेओकुटा इथं थॉमस अडेओये लाम्बो यांनी रुग्णांना नातेवाइकांसह आसपासच्या खेड्यांत राहायला ठेवून उपचार केले. आपल्याकडे 1960मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी धातू जाण्याच्या भीतीतून येणारा अशक्तपणा आणि उदासी यांना 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. वैद्यकाच्या जागतिक शब्दकोशात गेलेला हा आपल्या बोलीतला शब्द.

बायकांच्या बाबतीत अशीच एक तक्रार 'अंगावरून पांढरं जातं' या शब्दांत येते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या संख्येनं स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या जाचाशी अधिक घट्ट असल्याचं दिसलं. 'मला उदास वाटतं' असं म्हणायची सोय ज्या घरात नाही, त्या घरात शरीर बोलतं. त्या बाईच्या हाती नुसती गोळ्यांची पाकिटं देऊन पाठवणी करणारा दवाखाना तिचं अर्धंच ऐकत असतो.

आणि आपलं अंगात येणं. देवीच्या आरतीत, गोंधळात, दर्ग्याच्या आवारात अंगात आलेली माणसं आपण पाहिलेली आहेत. हा आजार म्हणायचा का? आयसीडी-11मध्ये संचाराच्या विकाराचं वेगळं नाव आहे, पण त्याला एक कुंपणही आहे. समाजानं मान्य केलेल्या धार्मिक किंवा सांस्कृतिक रिवाजाचा भाग असलेला संचार हा आजार धरायचा नाही. तो नको असताना येत असेल, त्यानं जगणं मोडत असेल, तरच तो विकार. श्रद्धेला रोग म्हणायचं नाही आणि रोगाला श्रद्धेच्या हवाली करायचं नाही, असा हा मधला रस्ता. महाराष्ट्राला तो नीट कळायला हवा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी आयुष्य घालवलेली जादूटोणाविरोधी कायद्याची लढाई याच रस्त्यावरची होती. आजारी माणसाला साखळीनं बांधणं, भूत उतरवायला मारहाण करणं यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रानं 2013मध्ये केला, त्यांचा खून झाल्यावर.

नावाचं हत्यार होतं तेव्हा

तज्ज्ञांच्या हाती नाव ठेवायची सत्ता असते. ती किती भयानक होऊ शकते, हे या संघटनेनं स्वतःच्या घरात पाहिलं आहे. तिचे पहिले अध्यक्ष डोनाल्ड युवेन कॅमेरॉन. माँट्रियलच्या ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी रुग्णांवर त्यांच्या संमतीशिवाय विजेच्या झटक्यांचे, औषधी झोपेचे आणि ध्वनिफितींचे प्रयोग केले. त्यांना अमेरिकी गुप्तहेर खात्याकडून छुपा पैसा मिळत होता, हे पुढं उघड झालं.

दुसरी गोष्ट सोव्हिएत रशियातली. आंद्रेई स्नेझ्नेव्स्की हे तिथले सर्वांत वजनदार मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्या शाळेनं 'मंदगती स्किझोफ्रेनिया' असं एक निदान रूढ केलं. त्यात भ्रम नको, भास नकोत. 'समाजसुधारणेचं वेड' हेही लक्षण म्हणून चालायचं. सरकारला प्रश्न विचारणारे लोक या नावाखाली इस्पितळांत डांबले गेले. सरकारच्या अशाच टीकाकारांपैकी एक असलेल्या व्लादिमिर बुकोव्स्की यांनी 1971मध्ये याविषयीची सुमारे 150 पानांची कागदपत्रं पाश्चात्त्य डॉक्टरांकडे पोचवली. त्याच वर्षी मेक्सिको सिटीत जागतिक परिषद भरली. तिथं हा विषय चर्चेला घेतलाच गेला नाही. बुकोव्स्की तुरुंगात गेले.

कीव्हमधल्या सेम्योन ग्लुझमन या तरुण मानसोपचारतज्ज्ञानं सरकारवर टीका केल्यावर मनोरुग्ण ठरवल्या गेलेल्या जनरल पेत्रो ग्रिगोरेन्को यांची कागदपत्रं तपासली आणि हा माणूस निरोगी आहे, असा लेखी अहवाल दिला. 1972मध्ये त्याला सात वर्षांची छावणी आणि तीन वर्षांची हद्दपारी झाली. खरं निदान लिहिण्याची एका डॉक्टरनं मोजलेली ही किंमत. मानसोपचाराच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव तोंडपाठ असायला हवं.

1977मध्ये होनोलुलूच्या परिषदेत अखेर ठराव आला. सोव्हिएत गैरवापराचा निषेध 90 विरुद्ध 88 मतांनी मंजूर झाला. फरक दोन मतांचा. त्याच परिषदेत हवाई जाहीरनामा स्वीकारला गेला, मानसोपचाराची पहिली जागतिक नीतिसंहिता. निरोगी माणसावर उपचार लादू नका, राजकीय हेतूसाठी ज्ञान वापरू नका, हे त्यात स्पष्ट लिहिलं. सोव्हिएत संस्था 1983मध्ये हकालपट्टीच्या भीतीनं स्वतःच बाहेर पडली. 1989मध्ये अथेन्सला तिनं झाल्या गोष्टी कबूल केल्या, तेव्हा तिला अटींवर परत घेतलं गेलं. नवी नीतिसंहिता 1996मध्ये माद्रिदला आली.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असं वाटेल. आपला मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 उघडून तिसरं कलम वाचावं. एखाद्याचं वागणं समाजातल्या नैतिक, राजकीय किंवा धार्मिक मूल्यांशी जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं तिथं म्हटलं आहे. जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या मुलीला 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणून दाखल करू पाहणाऱ्या बापासमोर हे कलम उभं राहतं. त्या कलमामागे ग्लुझमनसारख्यांची वर्षं आहेत.

कॅलगरी ते पुणे

1996मध्ये नॉर्मन सार्टोरियस संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यापूर्वी ते जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्य विभागाचे प्रमुख होते. स्किझोफ्रेनियाला चिकटलेल्या कलंकाविरुद्ध त्यांच्या पुढाकारानं एक जागतिक कार्यक्रम सुरू झाला. त्याचं नाव 'दारं उघडा'. पहिला पथदर्शी प्रयोग कॅनडातल्या कॅलगरी शहराच्या परिसरात झाला. पुढं भारतासह वीसांहून अधिक देश त्यात आले. या कामातून कलंकाच्या प्रश्नाला वाहिलेला विभाग उभा राहिला आणि दर काही वर्षांनी जगात कुठंतरी त्याची परिषद भरू लागली.

कॅलगरीत त्यांनी आधी रुग्णांना आणि घरच्यांना विचारलं : अपमान सर्वांत जास्त कुठं होतो? उत्तर अनपेक्षित होतं. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. म्हणून काम तिथल्या कर्मचाऱ्यांपासून आणि शाळकरी मुलांपासून सुरू झालं. शाळेत वर्गासमोर स्किझोफ्रेनिया असलेली व्यक्ती स्वतः उभी राहायची, सोबत एखादा नातेवाईक आणि एखादा व्यावसायिक. मुलं प्रश्न विचारायची आणि ती व्यक्ती उत्तरं द्यायची.

सोळा वर्षांच्या अनुभवानंतर, 2012मध्ये हेदर स्टुअर्ट, हुलिओ अर्बोलेदा-फ्लोरेस आणि सार्टोरियस यांनी एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी स्वतःच्याच समजुती एकेक करून खोडल्या आहेत. माहिती दिली की कलंक जातो, ही समजूत चुकीची. मोठमोठ्या जाहिरात मोहिमांनी काम होतं, हीही चुकीची. मानसोपचारतज्ज्ञांनीच नेतृत्व करावं, श्रीमंत देशांनी वाट दाखवावी, याही चुकीच्या. लोकांची मतं बदलली का, एवढंच मोजून भागत नाही. रुग्णाला घर, नोकरी, मान मिळाला का, हे मोजा. आपल्या आयुष्याच्या कामातल्या चुका अशा जाहीर मांडणाऱ्या तज्ज्ञांवर माझा विश्वास बसतो.

त्याच कॅलगरीच्या विद्यापीठात एक मराठी माणूस संख्याशास्त्र शिकवत होता. डॉ. जगन्नाथ वाणी. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता आणि हे ते लपवत नसत. 1997च्या सुमारास त्यांच्या पुढाकारानं पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू झाली. रुग्णांचे आई-बाप, भाऊ-बहिणी तिथं एकत्र बसून बोलू लागले. त्यांच्याच पाठबळानं सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 2004मध्ये 'देवराई' हा चित्रपट केला. अतुल कुलकर्णींनी साकारलेला, हाच आजार असलेला शेष आणि त्याला सांभाळताना दमून जाणारी बहीण मराठी घरांनी पडद्यावर पाहिली. जागतिक कार्यक्रम आणि वाणींचं काम हे दोन वेगळे प्रवाह. पण तातडीच्या विभागातला अपमान आणि पुण्यातल्या घराची बंद खोली यांवर दोघांनी शोधलेला इलाज एकच होता : ज्याच्यावर वेळ आली आहे, त्यानं समोर येऊन बोलावं आणि इतरांनी ऐकावं.

कानात सांगितलेलं नाव

आता नावाच्या मुळाशी येतो. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908मध्ये घडवला. ग्रीक मुळांतून अर्थ होतो दुभंगलेलं मन. जपाननं त्याचं शब्दशः भाषांतर केलं होतं, 'मन फाटण्याचा आजार'. जपानी कुटुंबांच्या महासंघानं 1993मध्ये तिथल्या मानसोपचार संस्थेला विनंती केली की हे नाव बदला, हे आम्हाला आमच्या मुलाला सांगता येत नाही. संस्थेनं जवळजवळ दहा वर्षं विचार केला. ऑगस्ट 2002मध्ये योकोहामा इथं जागतिक परिषद भरली, त्या सुमारास नवं नाव लागू झालं. 'तोगो शिच्चो शो', म्हणजे साधारणपणे सुसंगती ढळण्याचा विकार. काही वर्षांनी दक्षिण कोरियानंही नाव बदललं. त्यांच्या नव्या शब्दात वाद्याची तार जुळवण्याची प्रतिमा आहे. तार उतरली असेल, तर ती पुन्हा जुळवता येते.

जपानमध्ये पुढं काय झालं, ते मला या साऱ्या शोधात सर्वांत जास्त लागलं. 2002मध्ये तिथले डॉक्टर शंभरातल्या फक्त 37 रुग्णांना त्यांच्या आजाराचं नाव सांगत होते. दोन वर्षांनी हा आकडा 70वर गेला. म्हणजे जुनं नाव डॉक्टरांना ठाऊक होतं, कागदावर होतं, बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांनाही कळलेलं होतं. ज्याचं ते होतं, त्याच्याच कानापर्यंत ते पोचत नव्हतं.

आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि मग ते सगळ्यांना कळतं. या रीतीत एक शहाणपण आहे. नाव ज्याचं आहे, त्याला ते आधी कळायला हवं. आपला पारिभाषिक शब्द 'छिन्नमनस्कता'. जपानी शब्दाचा सख्खा भाऊच. चिंध्या झालेलं मन असा अर्थ ध्वनित करणारा शब्द कुठली आई आपल्या वीस वर्षांच्या मुलाच्या कानात सांगेल? म्हणूनच मराठी घरांत हा शब्द रुजला नाही. लोक 'स्किझोफ्रेनिया' म्हणतात किंवा काहीच म्हणत नाहीत. नवा शब्द घडवायचा असेल, तर परिभाषाकारांच्या शेजारी त्या आईला आणि त्या मुलाला बसवावं लागेल. नुसतं नाव बदलून मात्र भागणार नाही, याची साक्ष आपल्याच गावांत आहे. 'वेड्यांचं इस्पितळ' जाऊन 'मनोरुग्णालय' आलं, तरी 'ठाण्याला पाठवा' शाबूत राहिलं.

नाव कायद्यातही बसलेलं असतं. 2014 ते 2017 या काळात संघटनेचे अध्यक्ष होते डॉ. दिनेश भुग्रा, हरियाणात जन्मलेले आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. संयुक्त राष्ट्रांच्या 193 सभासद देशांचे कायदे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासले. मतदान, लग्न, नोकरी, करार या हक्कांपासून मानसिक आजार असलेल्यांना दूर ठेवणारी कलमं देशोदेशी निघाली. आपल्या 1955च्या हिंदू विवाह कायद्यात आणि 1950च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 'मनाची विकलता' अजून आहे. 2020मध्ये संघटनेनं सक्तीच्या उपचारांना पर्याय शोधण्याविषयी भूमिका जाहीर केली. अशी निवेदनं इंग्रजीत लिहिली जातात, परदेशी सभागृहांत वाचली जातात. तिथवरचा विमानखर्च गरीब देशातल्या डॉक्टरलाच झेपत नाही, रुग्णाची गोष्ट तर दूरच. या विभागांची ही उणीव खरी आहे आणि ती भरून काढायचं काम आपल्याला आपल्या भाषेत करायचं आहे.

ते काम कुठून सुरू होतं, हे कॅलगरीच्या मंडळींनी दाखवून दिलं आहे : शाळेच्या वर्गातून. ज्या वर्गात मी तो टोमणा मारला, तिथं त्या दिवशी असं कुणी येऊन बोललं असतं तर! येरवड्याहून किंवा ठाण्याहून बरं होऊन आलेलं, नोकरी करणारं, घर चालवणारं एखादं माणूस. खाली मान घालून बसलेल्या त्या पोरानं तेव्हा कदाचित मान वर केली असती.